चार नंबरच्या खिडकीवरची उत्तरं

इमारतीत तिला सगळे काजवाली म्हणत. बावीस वर्षं तिनं शर्टांच्या कारखान्यात काजं केली. नुसतं भोक पाडणं म्हणजे काज नव्हे. त्या भोकाचे काठ दोऱ्यानं असे बांधायचे की शर्ट विरून गेला तरी काज शाबूत राहावं. तिच्या हातचं काज उसवलं अशी तक्रार बावीस वर्षांत एकदाही आली नाही. याचा तिला मनातून फार अभिमान होता. तोंडानं ती कधी बोलायची नाही, पण कुणी बोललं तर थांबवायचीही नाही.

कारखाना तिनं सोडला तो वन्संसाठी.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, छत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. धाकट्या भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि वहिनी घरात आली तेव्हा दोन खोल्यांतली आतली खोली तिला देऊन स्वतः बाहेरच्या खोलीत पलंग टाकला. पुढे तो भाऊ गेला. मूलबाळ नव्हतंच. मग दोघीच उरल्या, एकमेकींना टोमणे मारत आणि एकमेकींच्या औषधाच्या वेळा सांभाळत. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी वन्संच्या हातातून कप सुटला, आणि त्या दिवसापासून त्यांचं डावं अंग लुळं पडलं. जीभ मात्र जशीच्या तशी राहिली. कान तर इतके तिखट की खालच्या मजल्यावर कुणी कुकर लावला हे शिट्टीच्या आधीच त्यांना कळे.

"तोंड गेलं असतं तर तुला सुख झालं असतं गं," त्या म्हणायच्या.

"देवानं विचारलं असतं तर तेच मागितलं असतं मी," काजवाली म्हणायची, आणि त्यांचा डावा हात उचलून गाऊनच्या बाहीत घालायची.

वन्संना सरकारी पेन्शन होती. अंग गेल्यावर डॉक्टरांच्या दाखल्यावर तिच्यात थोडी भर पडली होती. स्वतःचं स्वतः करता येत नाही अशा माणसाला मिळते ती मदतनीस वाढ. औषधं आणि लंगोट त्याच्यातच भागत. आता सरकारनं नवं काढलं होतं, सांभाळ भत्ता. घरातलं म्हातारं माणूस सांभाळायला जिनं नोकरी सोडली, तिच्या नावावर. इमारतीतल्या दोघीतिघींना तो मिळालाही होता.

"जा आणि अर्ज देऊन ये," वन्सं म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे तुझ्या नावावर काही येईल."

ती गेली. पेन्शन कार्यालयाचा हॉल लांबलचक, लोखंडी खुर्च्यांच्या चार रांगा, आणि नेमके ते दिवस हयातीचा दाखला द्यायचे. गावातले सगळे म्हातारे जिवंत असल्याचं सांगायला एकाच सकाळी आलेले. दुसऱ्या रांगेत वन्संच्या जुन्या सुपरवायझरबाई बसल्या होत्या, केस पिकून पांढरेशुभ्र, पण पाठ अजून ताठ.

"काय म्हणते आमची ऑपरेटर?" त्यांनी विचारलं. "आमच्यात असा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता हो. ती बोलली की साहेबसुद्धा खुर्चीत सरळ बसायचे."

"बऱ्या आहेत," काजवाली म्हणाली. "तुमची आठवण काढतात."

तेवढ्यात चार नंबरच्या खिडकीवर तिचा नंबर लागला. खिडकीला जाड काच होती. आतला चष्मेवाला कारकून माईकमध्ये बोलायचा आणि त्याचा आवाज भिंतीवरच्या कर्ण्यातून अख्ख्या हॉलला ऐकू जायचा. त्यानं अर्ज उलटला. एकतीस प्रश्न होते. तो विचारणार, ती सांगणार आणि तो खूण करणार.

"जेवण स्वतः करतात?"

"हो." हे खरं होतं. उजवा हात चांगला होता.

"आंघोळ?"

तिनं मागं पाहिलं. सुपरवायझरबाईंनी हातातलं मासिक मिटलं होतं.

"करतात. म्हणजे, मी पाणी काढून देते."

"नैसर्गिक विधींवर ताबा आहे?"

तिला नीट कळलं नाही. ती काचेजवळ वाकली.

"अहो, कपड्यात होतं का, कपड्यात?" कर्णा गरजला.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. तिच्या कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या. वन्सं, ज्यांच्या आवाजानं साहेब सरळ बसायचे.

"नाही, नाही," ती म्हणाली. "तसलं काही नाही."

"उठून बसताना, चालताना उचलावं लागतं?"

आणि इथं मात्र हॉल, कर्णा, सुपरवायझरबाई, सगळं तिच्या डोक्यातून गेलं. अर्ज काचेपलीकडे उलटा पडला होता, पण उलटी अक्षरं वाचायची तिला कारखान्यातल्या लेबलांमुळे सवय होती. या प्रश्नाखाली लहान अक्षरांत पुढचा होता. उत्तर 'होय' असल्यास, उचलताना कधी पडणे झाले आहे काय? कसे?

तिनं नजर कागदावरून काढून घेतली.

"बाई, उचलावं लागतं का?"

"नाही," ती म्हणाली. "काठी आहे. काठीनं चालतात."

घरात काठी नव्हतीच.

*

तीन आठवड्यांनी पोस्टमन आला. सही घेऊन पाकीट दिलं. तिनं दारातच उभं राहून वाचलं. अर्जदाराच्या निवेदनानुसार निवृत्तिवेतनधारक आपली दैनंदिन कामे स्वतः करू शकतात, सबब सांभाळ भत्ता नामंजूर. इथवर ठीक होतं. आपल्या कर्मानं आपलं गेलं. पण खाली आणखी दोन ओळी होत्या. याच कारणास्तव मदतनीस वाढ पुढील महिन्यापासून थांबवण्यात येत आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत घरभेटीची मागणी करावी.

आपल्या नावाचं मिळवायला गेली होती आणि वन्संचं घालवून आली होती.

पाकीट तिनं फडताळात कागदाखाली सरकवलं.

"पोस्टमन होता ना गं?" बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"विजेचं बिल."

"बिलाला सही घेतात होय? त्याचं पेन चालत नव्हतं. दोनदा झटकलं त्यानं."

ती भांडी घासायला बसली. घासलेलीच परत घासली.

चार दिवस तिनं तसेच काढले. देवासमोर हात जोडताना डोळे मिटायलाही तिला भीती वाटे, कारण डोळे मिटले की हॉल दिसायचा. पाचव्या दिवशी ती वन्संच्या पायाला तेल लावत असताना वन्सं म्हणाल्या, "आण ते."

"काय?"

"विजेचं बिल. फडताळाचा कागद पाच दिवसांत चौदा वेळा वाजला. एक तर उंदीर झालाय किंवा तुला काहीतरी झालंय."

तिनं पाकीट आणलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचावा तसं, मध्ये न थांबता. वाचून झाल्यावर तिला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घेतलं तर बरं.

वन्सं आधी हसल्या. "मी काठीनं चालते? वा! मग दे काठी, खाली जाऊन दूध घेऊन येते." मग हसणं विरलं. "हे तू सांगितलंस?"

"माईकवरून विचारत होता हो. कपड्यात होतं का म्हणे. भर हॉलमध्ये. तुमच्या सुपरवायझरबाई मागंच बसलेल्या."

वन्संनी चांगला हात पुढं करून तिचा तेलकट हात धरला.

"माझी अब्रू राखायला गेलीस तू," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज असा मऊ झालेला तिनं फार कमी वेळा ऐकला होता. "वेडी आहेस. पण दुसरं कुणी केलं नसतं."

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. कारण अब्रूचं निम्मंच खरं होतं. उरलेल्या निम्म्याचं काय? ते सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि "तेल संपलं वाटतं" असं काहीतरी बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून वन्सं तिच्याशी जरा जास्तच गोड वागू लागल्या. चहा आणला की "बस गं, तूपण घे" म्हणायच्या. तो चहा तिच्या घशाखाली उतरत नसे.

घरभेटीचा अर्ज वन्संनीच सांगितला, तिनं लिहिला.

*

तपासणीला आली ती तिशीतली मुलगी. खांद्याला पिशवी, हातात फाईल, पायांत चालून झिजलेले बूट. तिनं पाणी मागितलं, घटाघट प्यायली आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली.

काजवाली खिडकी लावायला उठली. समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती. एक रुमाल ती पाच मिनिटं झटकत होती.

"राहू दे उघडी," वन्सं म्हणाल्या. "ऐकून होईतो तिचे पिळे सुकून जातील बिचारीचे." मग तपासणीवालीकडे वळून, "विचारा. यावेळी मी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. एक्सचेंजचा तो आवाज काजवालीनं कितीतरी वर्षांनी पुन्हा ऐकला. स्वच्छ, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा. आंघोळ, नाही, ती घालते. कपडे, नाही, ती बदलते. "विधींवर ताबा? दिवसा असतो, सांगायला वेळ मिळाला तर. रात्री नसतो. कपड्यात होतं. लिहा, कपड्यात होतं." समोरचा रुमाल झटकायचा थांबला. वन्संच्या उजव्या गालावर लाल डाग उमटले होते, पण आवाज हलला नाही. काजवाली भिंतीला टेकून उभी होती. आपण जे झाकलं ते त्या स्वतःच्या हातानं उघडं करत होत्या, आणि तेही आपल्या भल्यासाठी, हे तिला बघवत नव्हतं.

"उचलावं लागतं?" मुलीनं विचारलं.

"लागतं."

"मला एकदा दाखवाल? पलंगावरून खुर्चीवर. हे डोळ्यांनी बघून लिहावं लागतं, काय करणार."

त्यांची रीत ठरलेली होती. वन्संचा चांगला हात तिच्या मानेभोवती, तिचे दोन्ही हात त्यांच्या काखेखालून पाठीवर, आणि तीन आकडे. एक, दोन, तीन. तिनं उचललं. वन्सं हवेत आल्या आणि त्याच क्षणी त्यांची बोटं तिच्या मानेत रुतली, नखांसकट. रोज रुतायची. तिला आता ते जाणवतही नसे. पण मुलीनं पाहिलं.

खुर्चीत बसवून झाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "आजी, भीती वाटते का उचलताना?"

"या वयात सगळ्याचीच वाटते."

"कधी पडला होतात?"

"गेल्या थंडीत. बाथरूममध्ये. कंबरेला लागलं, दीड महिना झोपून होते."

"कशा पडलात?"

"फरशी ओली होती," वन्सं म्हणाल्या. "पाय घसरला."

घरात हेच ठरलेलं होतं. डॉक्टरांना, शेजारणीला, सगळ्यांना हेच सांगितलं होतं. मुलीनं मान हलवली आणि लिहायला घेतलं. आता फक्त गप्प राहायचं होतं. ते लिहून झालं की मदतनीस वाढ परत, भत्ता मंजूर, पान उलटणार. काजवालीला पेनचा आवाज ऐकू येत होता. ओल्या, असं लिहून झालं असेल. आता फरशीवरून.

"फरशी कोरडी होती," ती म्हणाली.

पेन थांबलं.

"अगं, काहीतरी काय—" वन्सं म्हणाल्या.

"कोरडी होती. मीच पुसली होती." तिचे हात तिच्याच पोटाशी एकमेकांत अडकले होते. "सकाळपासूनची तिसरी खेप होती. मी घाई केली. या म्हणाल्या, हळू गं, मी काय शर्ट आहे, फिरवतेस तशी? रोजचीच थट्टा त्यांची. पण मला त्या दिवशी काहीतरी झालं. हात दुखत होते, ते खरं. पण अजून धरता आलं असतं." तिनं अडकलेले हात सोडवले. "मी हात उघडले."

समोरची गॅलरी अगदी चिडीचूप होती.

मुलीनं पेन फाईलवर ठेवलं. "हे मला लिहावं लागेल, मावशी."

"लिहा."

"लिहिलं की वरच्या ऑफिसात जातं. कधीकधी ते म्हणतात की आजींना सरकारी आश्रमात ठेवावं. माझ्या हातात नसतं."

काजवालीनं वन्संकडे पाहिलं नाही. तिला मान वर करवतच नव्हती. इतका वेळ तिला वाटत होतं की सांगितलं म्हणजे सुटलो. आता कळलं की आपण सुटलो नाही, उलट दुसऱ्यालाच पणाला लावलं.

"आणखी एक लिहा," वन्संचा तोच आवाज आला. "पेन्शनधारक म्हणते, मी इथून कुठंही जाणार नाही. अवतरणात घाला. मी परत सांगू? मी इथून—"

"लिहिलं आजी," मुलगी म्हणाली.

*

मुलगी गेली. खुर्चीवरून पलंगावर न्यायचं होतं, पण काजवालीची हात लावायची हिंमत होईना.

"तुम्हाला ठाऊक होतं?" शेवटी तिनं विचारलं.

"हात घसरला की माणूस पकडायला वाकतं," वन्सं म्हणाल्या. "तू उभी होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? उचलणारी तू, पुसणारी तू. तुझी तक्रार तुझ्याकडेच करू? आणि नंतर तुलाच सांगू, बाई गं, जरा बाथरूमला ने?" हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. नंबर सांगावा तसं म्हणाल्या. "छत्तीस वर्षं लाईनवर काय काय ऐकलं आणि गिळलं. हेही गिळलं."

काजवाली खालीच बसली, त्यांच्या लुळ्या पायापाशी. गेल्या थंडीपासून ती रोज या बाईला सहा-सहा वेळा उचलत होती, आणि दर वेळी या बाईला ठाऊक होतं की हे हात उघडू शकतात. तरी ती मानेला हात घालून एक, दोन, तीन म्हणत होती. दुसरं करणार काय? ही गोष्ट काजवालीला कधी सुचलीही नव्हती. ती आपल्या लाजेतच इतकी गुंतली होती की त्यांच्या भीतीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. आणि आपल्या हातचं काज कधी उसवत नाही म्हणून मनात मिरवत होती.

"मला माफ करा," असं ती म्हणाली नाही. तोंडात आलं, पण इतक्या मोठ्या गोष्टीला ते फार स्वस्त वाटलं.

"रडायचं असेल तर आधी मला पलंगावर टाक," वन्सं म्हणाल्या. "कंबर मोडायला आली इथं."

सहा आठवड्यांनी पत्र आलं. यावेळी ते तिनं उघडण्याआधी वन्संच्या हातात दिलं. मदतनीस वाढ पूर्ववत. सांभाळ भत्ता मंजूर, पण सशर्त: अर्जदारानं आठ बुधवार सरकारी दवाखान्यात जाऊन रुग्ण उचलण्याचं प्रशिक्षण घ्यावं, तोवर महिन्यातून एकदा तपासणी होईल. शेऱ्यात तिची गोष्ट एका ओळीत लिहिली होती. 'उचलताना हेतुपुरस्सर सोडल्याचे अर्जदाराने स्वतः सांगितले.' ती ओळ आता सरकारी फाईलमध्ये कायमची राहणार होती. वन्संनी ती दोनदा वाचली आणि पत्र परत दिलं.

इमारतीतही पसरलं होतंच. शेजारीण जिन्यात भेटली की आधी बोलायची, आता आधी बाजूला व्हायची. काजवालीनं तिला दोष दिला नाही.

पहिल्या बुधवारी दवाखान्याच्या एका खोलीत आठ-नऊ जणं होती. एक रिक्षावाला आईसाठी आलेला, एक जाड भिंगांचे म्हातारे बायकोसाठी, दोघी सुना. शिकवणारी नर्स कामाच्या घाईतली, मोठ्या आवाजाची. "पुस्तकातून येत नाही हे," ती म्हणाली. "एकमेकांना उचला. चला, तुम्ही आडव्या व्हा ताई."

बोट काजवालीकडेच आलं. ती लोखंडी खाटेवर आडवी झाली. भिंगवाले म्हातारे जवळ आले, "माफ करा हं" म्हणाले आणि काखेखालून हात घातले. त्यांच्या सदऱ्याला साबणाचा वास होता. परका पुरुष, परके हात, आजूबाजूला आठ जणं बघणारी. तिचं अंग लाकडासारखं झालं.

"अंग सोडा ताई," नर्स ओरडली. "तुम्ही ताठ झालात तर त्यांना कसं पेलणार? अंग सोडा!"

"सोडतेय," ती म्हणाली, पण सुटेना. म्हाताऱ्यांनी उचललं आणि खाट पाठीखालून गेली. एका क्षणात तिचा हात आपोआप उठला आणि त्यांच्या मानेत रुतला, नखांसकट.

"आई गं!" म्हातारे कळवळले, पण त्यांनी सोडलं नाही.

सगळे हसले. तिला हसू आलं नाही.

घरी पोचली तेव्हा वन्सं दाराकडे कान देऊनच पडल्या होत्या. "काय शिकलीस?"

"आज मलाच उचललं."

"कुणी?"

"एका म्हाताऱ्यांनी. परक्या."

"मग? कसं वाटलं?"

तिनं पिशवी खुंटीला अडकवली. काय सांगावं याचा विचार केला आणि मग एवढंच म्हणाली, "लाज वाटली. आणि भीती."

वन्संनी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांनी चांगला हात वर केला, नेहमीसारखा तिच्या मानेच्या उंचीला.

"बाथरूमला न्यायचंय," त्या म्हणाल्या. "मघापासून अडवून धरलंय. नवी रीत असेल तर नवी दाखव, जुनी असेल तर जुनी, पण लवकर कर."

ती वाकली. यावेळी तीन आकडे मोजण्याआधी तिनं विचारलं, "धरू?"

असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. वन्संनी क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"धर," त्या म्हणाल्या.